नावाचा अर्थ, पुराव्यासह

घड्याळजींना बेचाळिसाव्या वर्षी मुलगी झाली. लग्नाला चौदा वर्षं होऊन गेली होती, त्यामुळे जन्माची नोंद करायला ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आणि आणखी एक पेन खिशात ठेवून गेले. नाव ठरलेलंच होतं. बायकोला ज्या मावशीनं लहानाचं मोठं केलं, तिचं. दोन अक्षरी, साधं, लांबून हाक मारली तरी न तुटणारं.

नोंदणी कार्यालयातल्या कारकुनानं अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि पेन रकाना क्रमांक चौदावर टेकवलं.

"हा रिकामा आहे. नावाचा अर्थ."

"अर्थ असा काही नाही, साहेब. बायकोच्या मावशीचं नाव आहे."

"मावशी हे नातं झालं. अर्थ लिहा."

"आणि नसेल तर?"

"तर ते नाव नाही, नुसता आवाज आहे. आवाजाची नोंद आम्ही करत नाही."

कारकुनाच्या डोक्यावर सूचना लावलेली होती : 'जन्मापासून नव्वद दिवसांत सार्थ नावाची नोंद न झाल्यास सदर बालक जन्मलेले नाही असे गृहीत धरण्यात येईल. आक्षेप असल्यास बालकाने स्वतः लेखी कळवावे.' दवाखान्यात पुढची लस नोंदीच्या दाखल्याशिवाय मिळणार नव्हती. घड्याळजींनी घाम पुसला.

कारकून मनानं वाईट नव्हता. त्यानं अनुमोदित नावांची यादी पुढे सरकवली. तीन हजार नावं, प्रत्येकापुढे अर्थ. घड्याळजींनी पानं उलटली. तेज, प्रभा, किरण, झळाळी, अंधाराचा नाश करणारी, अंधाराचा पुन्हा नाश करणारी.

"एका शाळेत तर एका वर्गातल्या चाळीसपैकी सदतीस मुलांच्या नावाचा अर्थ उजेड आहे," कारकून अभिमानानं म्हणाला. "बाई दिवे न लावता शिकवतात."

घरी आल्यावर त्यांनी यादी बायकोपुढे ठेवली. ती मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं यादीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अहो, मावशीनं मला उचलून घरी आणलं तेव्हा माझ्या नावाचा अर्थ विचारला नव्हता. भूक लागलीय का, एवढंच विचारलं. हेच नाव राहील."

मग प्रकरण अर्थपडताळणी समितीकडे गेलं. समितीत एक अध्यक्ष होते आणि एक तज्ज्ञ सदस्य. तज्ज्ञांच्या पुढ्यात बावीस शब्दकोश होते आणि मागे उशी होती, कारण बैठका लांबत. घड्याळजींना बाकावर बसवून त्यांनी ती दोन अक्षरं आधी नाकात, मग घशात, मग ओठ मिटून उच्चारून पाहिली.

"एका दूरच्या बेटावरच्या भाषेत याचा अर्थ 'दमट' असा होतो," ते म्हणाले. "आणि डोंगरापलीकडच्या एका बोलीत 'परत दे'."

अध्यक्ष गंभीर झाले. "दमट चालणार नाही. बालकाची मानहानी होते. आणि 'परत दे' ही तर मागणी आहे. उद्या आमच्याच शिक्क्याचा आधार घेऊन कोणी मूल परत मागायला आलं, तर जबाबदार कोण?"

"साहेब, त्या बोलीतलं इथे कोणी नाही हो!"

"म्हणजे हरकत घ्यायलाही कोणी नाही. मग ना-हरकत कोणाकडून आणणार?"

आयुष्यभर घड्याळजींनी बंद पडलेली यंत्रं पाहिली होती. चालू असूनही असं चालणारं यंत्र ते प्रथमच पाहत होते.

अध्यक्षांनी मार्ग काढला. नियमात एक सवलत होती. अर्जदाराच्या आडनावाचं मूळ समाधानकारक असेल, तर नावाच्या अर्थाची अट शिथिल करता येत होती. तज्ज्ञांनी तेविसावा कोश मागवला. तीन आठवड्यांनी निष्कर्ष आला : घड्याळजींच्या आडनावाचा अर्थ 'नंतर आलेले'.

"नऊ पिढ्या आम्ही याच गल्लीत आहोत," घड्याळजी म्हणाले.

"बरोबर. नंतर आल्याशिवाय का असाल?"

"पण कोणाच्या नंतर?"

"जे आधी होते त्यांच्या."

"आधी कोण होते?"

"ती माहिती," अध्यक्ष म्हणाले, "त्यांच्या विनंतीवरून गोपनीय आहे."

त्या दिवसापासून घड्याळजींची फाईल खिडकी क्रमांक नऊवर गेली. तिथे फक्त नंतर आलेल्यांचं काम चालत असे, आणि तेही बाकीच्यांचं आटोपल्यानंतर. आठवड्याभरात दुकानाच्या दारावर कागद चिकटला : 'परवानाधारकाच्या मूळ ठिकाणाची चौकशी चालू आहे.' शेजारचा टेलरमास्तर वीस वर्षं त्यांच्यासोबत एका किटलीतला चहा प्यायला होता. त्यानं तो कागद दोनदा वाचला.

"कधी बोलला नाहीत," तो म्हणाला.

"काय?"

"तेच. तुम्ही बाहेरचे ते."

दुसऱ्या दिवशी त्यानं चहा आपल्यापुरताच मागवला. दोन गिऱ्हाइकं घड्याळं दुरुस्त न करताच परत घेऊन गेली. त्यातलं एक भिंतीवरचं होतं आणि ते उचलायला घड्याळजींनीच हात लावला. घरी बायको मुलीला तिच्या नावानं हाक मारी आणि मुलगी, जी कायद्यानं अजून जन्मायची होती, हसून मान वळवी.

सत्त्याऐंशीव्या दिवशी तज्ज्ञ सदस्य कार्यालयाच्या जिन्यात भेटले. उशी बगलेत होती.

"तुम्ही आडनाव लिहिता ते पहिल्या वेलांटीनं," ते हळूच म्हणाले. "जुन्या लेखनात दुसरी वेलांटीही सापडते. दुसरी धरली, तर धातूच बदलतो."

"मग अर्थ?"

"'आधीपासूनचे.'"

घड्याळजी दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेले. शुद्धलेखन-दुरुस्तीचा अर्ज साधा, अर्ध्या पानाचा होता. कारकुनानं लाल पेन काढलं आणि पहिल्या वेलांटीची दुसरी केली. त्याला सुमारे दोन सेकंद लागले. मग तो उभा राहिला.

"बसा ना साहेब. पाणी घेणार?"

"तो रकाना चौदा..."

"आधीपासूनच्यांना अर्थ विचारायची पद्धत नाही."

मावशीचं नाव शिक्क्यासह लागलं. दारावरचा कागद निघाला. टेलरमास्तरानं चहा मागवला आणि "मला तर आधीपासूनच वाटत होतं," असं म्हणाला. घड्याळजींनी दुरुस्त आडनावाचा दाखला काचेच्या चौकटीत बसवून गल्ल्यामागे टांगला आणि नवी पाटी रंगवून घेतली. त्यातली दुसरी वेलांटी रस्त्याच्या त्या टोकावरून दिसे.

महिन्याभरानं दुकानावरची खोली रिकामी झाली. एक नर्स आणि तिचा नवरा ती बघायला आले. नर्सची बदली इथल्या दवाखान्यात झाली होती. माणसं साधी होती, पायातलं बाहेर काढून वर गेली. खोली त्यांना आवडली. खाली आल्यावर घड्याळजींनी वही उघडली.

"आडनाव?"

नर्सनं सांगितलं. घड्याळजींचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"यातली वेलांटी पहिली की दुसरी?"

"पहिली," नर्स म्हणाली. "का हो?"

"काही नाही, सहज. पण खोली, काय आहे, कालच दिली."

दोघं निघून गेली. त्यांच्या चेहऱ्यावर फारसं आश्चर्य नव्हतं. अशी खोली त्यांना कालही मिळाली नव्हती, परवाही नव्हती. आतल्या दारात बायको मुलीला खांद्यावर घेऊन उभी होती.

"कोणाला दिली खोली?"

घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं आणि एका बंद घड्याळात डोकं घातलं. "बघू. चांगली माणसं मिळाली की."

मग ती पायात चपला न घालताच रस्त्यावर गेली, पण कोपऱ्यापर्यंत कोणी दिसलं नाही.

अर्थपडताळणी कक्षात सध्या दोन जागा भरायच्या आहेत. नर्सबाईंचं आडनाव काय असेल, असा विचार मघाशी ज्यांच्या मनात येऊन गेला, त्यांनी अर्ज करायला हरकत नाही. अनुभव वेगळा दाखवावा लागणार नाही.