ट्रक बसमध्ये कसा घालायचा?

कमळूदादा कोणाच्याही घरात शिरला की चपला काढायच्या आधी एक टाळी वाजवतो. एकच, पण कडक. मग मान तिरकी करून ऐकतो आणि निकाल देतो. "घुमतंय!" नाहीतर, "सुका हाय." घुमणारी खोली वाईट, सुकी चांगली. जगातल्या समस्त वास्तूंची त्याने एवढीच विभागणी केलेली आहे.

सरपंचांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांती होती. खाली सगळी चकचकीत लादी, वर उंच छत. भटजींचे मंत्र चालू असताना टाळी पडली. "सरपंच, घर न्हाय हा, हौद हाय!" सरपंच अजून त्याच्याशी धड बोलत नाहीत. बँकेत मॅनेजरच्या केबिनमध्ये टाळी वाजवली तेव्हा शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन धावत आला. एकदा तर मयताच्या घरी वाजवली. रडणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. दादा गंभीरपणे म्हणाला, "खोली सुकी हाय. रडा तुमी."

हा आमच्या किनाऱ्यावरचा ध्वनिमुद्रणतज्ज्ञ. ही पदवी त्याने स्वतःच घेतलेली आहे आणि दारावर रंगवलीही आहे, 'ध्व'ला नसता रफार देऊन.

पूर्वी तो बंदरातून कंटेनर ओढणारा ट्रेलर चालवायचा. एकटाच गात गात गुजरातपर्यंत जायचा. पुढे कंबर गेली, गाडी विकली. आलेल्या पैशातून त्याने एक संगणक आणि माइक घेतला आणि रेवसच्या अलीकडच्या आपल्या घरातली एक खोली स्टुडिओ केली. भिंतींना ट्रेलरच्या सीटांचा फोम चिकटवलाय. गाणं म्हणताना अजून डिझेलचा वास येतो.

मी पत्रकं लिहिते. पिण्याच्या पाण्यावर, जेट्टीवरच्या बंद दिव्यांवर, जे दिसेल त्यावर. आमच्या बौद्धवाडीच्या गायन पार्टीचं गाणं रेकॉर्ड करायला मी पहिल्यांदा त्याच्याकडे गेले आणि तिथे मला नवाच अन्याय सापडला.

आमच्या किनाऱ्यावर आज घरोघरी गाणी रेकॉर्ड होतात. हळदीची, जयंतीची, भजनं. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सगळे तेच वापरतात. पण ते शिकवणारे व्हिडिओ? एक तर इंग्रजीत, नाहीतर हिंदीत. गारेगार खोलीत बसलेला कोणीतरी गुळगुळीत माणूस म्हणतो, 'ट्रॅक को बस में डाल दीजिए.' आणि पुढे जातो! अरे, कुठे जातोस? आमच्याकडे दर तिसऱ्या घरासमोर ट्रक उभा असतो. माणसं काय समजणार?

ती कमळूदादाला फोन करतात. त्याचा नंबर माणगावपासून आगरदांड्यापर्यंत कसा पसरला, कोणालाच माहीत नाही. फोन उचलला की तो 'हॅलो' म्हणत नाही. "गारी कंय थांबली?" असं विचारतो. शब्दाच्या मधला 'ड' किंवा 'ढ' त्याच्या तोंडात 'र' होऊन निघतो. गाडी ती गारी, काढायचा तो कारायचा, अडला तो अरला.

"दादा, ट्रक बसमध्ये कसा घालायचा?" हा प्रश्न मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

"ट्रक न्हाय रे, ट्रॅक. ट्रॅक म्हंजे एकेक आवाज. तुजा गाना येक ट्रॅक, ढोलकी दुसरा. आनी बस म्हंजे आपली एस्टी. सगल्यांना एका एस्टीत बसव. मंग आवाज कमी कराचा झाला त पॅसेंजरला कशाला सांगतंस? ड्रायवरला सांग, हलू घे!"

तर एके दिवशी त्या सॉफ्टवेअरच्या परदेशी कंपनीने जाहीर केलं: वापरणाऱ्यांना सर्वात जास्त कुठल्या व्हिडिओची गरज आहे ते कळवा. ज्या भाषेतून जी मागणी जोरात येईल, तो व्हिडिओ त्या भाषेत होईल. मी ताबडतोब कमळूदादाच्या खोलीत बैठक बोलावली. बैठकीला आम्ही तिघं. दादा, मी आणि निखिल. निखिल आमच्या हळदीच्या गाण्यांचे व्हिडिओ शूट करतो आणि जेवतानाही गळ्यातला हेडफोन काढत नाही.

निखिल म्हणाला, "आवाज हिरोसारखा कसा करायचा. बस. पब्लिकला तेच पाहिजे."

मी म्हटलं, "पब्लिकला काय पाहिजे ते तू ठरवणार? आपल्याकडे पंखा, कोंबडा, शेजाऱ्याचा मिक्सर, सगळं गाण्यात येतं. गोंगाट कसा काढायचा, हा पहिला व्हिडिओ."

"दोगंव चुकताव," दादा म्हणाला. "गाना भायेर कसा कारायचा, ह्यो पैला."

"म्हणजे?"

"रेकार झालेला गाना सॉफ्टवेअरच्या भायेर कारायचा. लोकांना पाठवाचा."

निखिल हसला. मीही हसले. एक बटण तर दाबायचं असतं! दादा भडकला. "तुमी शिकलेली पोरा ना, तुमाना वाटतं लोकांची गारी घाटात अरते. लोकांची गारी गेटातच अरते! रैवारी या हितं. फोन स्पीकरवर ठेवतंव. आयका."

रविवारी आम्ही जाऊन बसलो. पहिलाच फोन माणगावच्या एका भजनी बुवांचा. त्यांचा अभंग केव्हाच तयार होता. कोणाला ऐकवायचा झाला की ते माणसं घरी बोलावत, संगणकासमोर सतरंजी घालत आणि सगळ्यांना चहा देत. "आता आमची ही म्हणते, एका अभंगापायी साखरेचा डबा रिकामा झाला. दुसरा काही मार्ग आहे का हो?"

मग आगरदांड्याच्या हर्षदावहिनी. हळदीची गाणी अशी गातात की मांडवातली माणसं ताटावरून उठतात. त्या म्हणाल्या, "दादा, सगळं झालं. ते शेवटचं बटण तेवढं नको सांगू."

"कंचा बटन, वहिनी?"

"तेच. बाउन्स."

निखिलने माझ्याकडे बघितलं. गाणं बाहेर काढायच्या बटणावर त्या सॉफ्टवेअरमध्ये हाच शब्द आहे.

"आमच्या दिराच्या टेम्पोचा चेक बाउन्स झाला होता," वहिनी आवाज खाली आणून म्हणाल्या. "घरावर माणसं आली होती. तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द कोण उच्चारत नाय. आणि मी सणासुदीची गाणी बाउन्स करू? सासूबाई मला भायेर काढतील."

"मंग पाठवतंस कशी?"

"गाणं लावते, स्पीकरसमोर मोबाईल धरते न् मोबाईलवर रेकॉर्ड करते. मधेच मांजर ओरडते. लोक विचारतात, कोरसला कोण आहे?"

निखिल हसता हसता खाटेवरून घसरला. मला हसू येईना. दिवसभर तेच चाललं होतं. कोणी त्या शब्दाला घाबरलेला, कोणाला बटणच सापडत नव्हतं. तयार गाणी, जिवंत गाणी, आणि सगळी एका परक्या शब्दामागे कोंडलेली! मी तिथेच, दादाच्या खाटेवर बसून पत्रक लिहिलं.

'आमची गाणी सोडा! गाणं आमचं, गळा आमचा, घाम आमचा. मग दाराची कडी तुमच्या भाषेत का? एकच मागणी: गाणं बाहेर कसं काढायचं, ते आमच्या बोलीत सांगा!'

दादाने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "पोरी, तू गाना लिव. चाल मी लावतंव."

पत्रक रेवसच्या लाँचवर वाटलं. आगरदांडा ते दिघी फेरीबोटीत गाड्यांच्या काचांना लावलं. ज्याला मागणी कशी नोंदवायची ते येत नव्हतं, त्याच्या हातातला मोबाईल घेऊन निखिलने ती तिथेच नोंदवून दिली. हर्षदावहिनींनी अख्खा बचत गट कामाला लावला. बुवांनी प्रत्येक भजनानंतर आवाहन केलं. आणि एका सकाळी कंपनीचं उत्तर आलं: मराठीतून आलेली एवढी एकमुखी मागणी मान्य आहे, व्हिडिओ होणार. शिकवायला कोणी माहीत आहे का?

माहीत आहे का! मी जेट्टीवर नाचले. लोकांना वाटलं पाण्याची लाइन मंजूर झाली.

शूटिंगच्या दिवशी निखिलने कागदावर भाषण लिहून आणलं होतं. 'सर्वप्रथम ध्वनिफीत निर्यात करावी.' दादाने कागद परत केला. "निर्यात मी सगला जलम केली. कंटेनरानं. कांदा जातो निर्यात. गाना भायेर जातो." मग खुर्चीत ताठ बसून, इस्त्रीच्या शर्टात, थेट कॅमेऱ्याकडे बघून त्याने सांगितलं:

"बाया-बापयांनो, घाबरू नका. चेक बाउन्स झाला का घरी परत येतो. गाना बाउन्स झाला का घरातून भायेर जातो. दोगांचा काय नाता न्हाय. दाबा बटन!"

लोकांनी बटणं दाबली. काय सांगू! बुवांचा अभंग माणगावच्या बाजारात मोबाईलच्या दुकानावर वाजला. हर्षदावहिनींचं हळदीचं गाणं, मांजराशिवाय, फेरीबोटीच्या भोंग्यातून खाडीभर गेलं आणि सासूबाईंनी शेजारणीला मुद्दाम सांगितलं, "आमच्या सुनंचं बाउन्स झालंय!" ज्यांच्या भाषेला कंपनीच्या यादीत जागा नव्हती, त्यांचा माणूस त्या कंपनीच्या मदतीच्या पानावर इस्त्रीच्या शर्टात बसला होता. मी विजयाचं पत्रक काढलं आणि पेढे घेऊन दादाकडे गेले.

दादा खाटेवर बसला होता. समोर स्टुलावर फोन.

"पेढा घे, दादा. जिंकलो!"

त्याने पेढा घेतला. "जिकलाव," म्हणाला. पण फोनवरची नजर काढली नाही. बराच वेळ बसल्यावर माझ्या लक्षात आलं की फोन वाजलेलाच नाही. नुसता आज नाही, बऱ्याच दिवसांत नसावा. लोकांना आता उत्तर मिळालं होतं. दादाची मुलगी बडोद्याला, मुलगा जहाजावर, बायको वारून वर्षं झाली. दिवसभर या घरात जी माणसं बोलायची ती सगळी त्या फोनमधली होती.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं. "हाच व्हिडिओ झाला तर फोन बंद होणार. मग याच्यासाठी एवढा भांडलास कशाला?"

"मंग काय माज्या करमनुकीसाठी लोकांना अरवून ठेवू?" तो माझ्यावरच खेकसला. "च्या पितंस का?"

तो चहा टाकायला आत गेला आणि माझ्या फोनवर निखिलचा संदेश आला. कंपनी विचारतेय, व्हिडिओच्या शेवटी एक तुकडा चुकून राहिलाय, कापू का? शूटिंगच्या दिवशी 'दाबा बटन' झाल्याबरोबर मी पत्रक लिहायला पळाले होते आणि व्हिडिओही कधी शेवटपर्यंत बघितलाच नव्हता. बघितला. सगळं शिकवून झाल्यावर दादा नमस्कार करतो आणि उठत नाही. कॅमेऱ्याकडे बघत राहतो. मग, जरा हळू आवाजात:

"अरला त फोन करा. न्हाय अरला तरी करा. मी घरीच असतंव."

मी निखिलला लिहिलं: कापलंस तर पुढचं पत्रक तुझ्यावर. आणि मग तो तुकडा, तेवढाच, आमच्या सगळ्या गटांवर पाठवून दिला.

चहा कपात ओतला जात होता तोवर स्टुलावरचा फोन वाजला. दादा गाळणं हातात घेऊनच धावत बाहेर आला. स्पीकर चालू केला. माणगावचे बुवा होते.

"बोला बुवा. काय झाला?"

"काही नाही हो. सगळं व्यवस्थित चाललंय. सहजच केला."

गाळण्यातून चहा लादीवर ठिबकत होता. दादाने पाय वर घेऊन खाटेवर नीट मांडी घातली.

"मंग बोला की," तो म्हणाला.