झिपरूमामा रुसला त्याची गोष्ट

एका जंगलात, बाळांनो, झिपरूमामा नावाचं एक अस्वल राहायचं. कुठलं जंगल ते विचारू नका. विचाराल तर मी मध्येच थांबेन, मग बसा बोंबलत.

तर हा मामा लई विसराळू. अंघोळीला नदीवर जायचा आणि जांभळं खाऊन कोरडाच घरी यायचा. मध काढायला झाडावर चढायचा, आणि वर पोचल्यावर माश्यांनाच विचारायचा, "ताई, माझं काय काम होतं हो इथं?"

माश्या सांगायच्या नाहीत. त्या काय येड्या आहेत?

मामी बिचारी रोज रात्री बदाम भिजत घालायची. "सकाळी आठवणीनं खात जा. डोकं चालेल." मामा ते खायचंच विसरायचा. मग मामी खायची. म्हणून मामीला सगळं आठवायचं, आणि मामाला रोज बोलणी बसायची.

एकदा मामाच्या भाचीचं, चंपीचं, लग्न ठरलं. नवरा पलीकडच्या डोंगरावरचा भुरा. चंपीचा त्याच्यावर फार जीव. कारण मधाच्या पोळ्यातला शेवटचा घास तो स्वतः न खाता तिला द्यायचा. अस्वलांमध्ये याच्यापुढे प्रेम नसतं.

मांडव पडला. बेडकांचा डीजे आला. शूटिंगला वटवाघूळ, त्यामुळे सगळे उलटेच दिसणार होते. फेटे बांधायला सुगरण पक्षी.

पण नवऱ्याकडून सांगितले होते त्याच्या दुप्पट पाहुणे उतरले. फेटे संपले. आणि नेमका मुलीचा सख्खा मामा बोडका राहिला.

मामाचं लक्षच नव्हतं. तो बेडकांसमोर नाचत होता. तेवढ्यात कोल्हेतात्या आले. हे तात्या कुणाचेच कुणी नव्हते, पण प्रत्येक लग्नात असायचे.

"अरेरे मामा! तुम्ही बोडके?"

"बरं वाटतंय की. वारा लागतो."

"अहो, अपमान झालाय तुमचा!"

"झाला का? मग आता काय करायचं असतं?"

"रुसायचं!"

तात्यांचा हिशोब सरळ होता. लग्न मोडलं की पाहुणे रागानं न जेवता जातात. मग जिलेबीची अख्खी कढई तात्यांची.

मामा बिचारा सांगितल्याप्रमाणे बांबूच्या बेटामागे जाऊन रुसला.

आता त्या जंगलाची रीत ऐका. नवरीला मांडवात मामानंच आणायचं. मामा रुसला तर नवरी जागची हलणार नाही. मुहूर्त टळला तर वऱ्हाड परत. आणि अस्वलं रुसवा विसरत नाहीत. मामाच्या आजोबांना कुठल्याशा लग्नात जिलेबी गार वाढली होती. ती दोन घरं अजून एका झऱ्यावर पाणी पीत नाहीत.

चंपीचा बाप पळत आला. "मेव्हणे, माझा फेटा घ्या, पण उठा!"

"उतरलेला नको म्हणा," तात्या कानात कुजबुजले.

"उतरलेला नको म्हणा," मामा म्हणाला.

ही बातमी नवऱ्याकडे गेली आणि तिकडे भडका उडाला. नवऱ्याची आत्या कडाडली, "मुलीकडचे रुसतात म्हणजे काय? रुसायचा मान आमचा!" आणि ती येऊन मामाशेजारी बसली. मग काका आले. मग काकांचे साडू. बेटामागं जागा पुरेना. "जरा सरका हो, मलापण रुसायचंय," असं चाललं होतं.

शेवटी चंपीच आली. डोळ्यांतलं काजळ पार नाकापर्यंत.

"मामा, चल ना रे. मुहूर्त जाईल. मग भुरा पण जाईल."

मामाचे डोळे भरले. "मी रुसलोय गं बाई. कसा उठू?"

चंपी हुंदके देत मागं फिरली.

तेवढ्यात एक पिवळं फुलपाखरू आलं आणि मामाच्या नाकावर बसलं. उडालं. मामा त्याच्यामागं गेला. फुलपाखरानं बेटाला चक्कर मारली, मामानंही मारली. पलीकडून येऊन बघतो तर ओळीनं लांबट तोंडं.

"अरे! पाहुणे! लग्न सोडून इथं काय करताय?"

"आम्ही रुसलोय," आत्या म्हणाली.

"कुणावर?"

"तुमच्यावर!"

"असं होय? मग चुकलंच माझं." काय चुकलं ते मामाला माहीत नव्हतं, पण बोलला मात्र अगदी मनापासून. "उठा आत्याबाई, पायाला मुंग्या आल्या असतील. जिलेबी गार होतीय."

आत्या जन्मभर रुसत आली होती. पण 'चुकलंच माझं' असं सरळ तोंडावर कुणी म्हटलंच नव्हतं. ती आधी रडली, मग हसली, मग उठली. ती उठली म्हणून काका उठले. काका उठले म्हणून साडू.

तात्या घाबरले. "मामा! अहो, तुम्ही पण रुसलाय!"

"मी? कशापायी?"

"मामाला फेटा दिला नाही म्हणून!"

"अरेरे, बिचारा मामा!" मामा हळहळला. "आधी लग्न लावू, मग त्याची समजूत काढू. कुठं बसलाय तो?"

तात्यांनी कपाळावर हात मारला. पळत जाऊन बासुंदीतले मूठभर बदाम उपसून आणले. "खा! आत्ताच्या आत्ता खा! सगळं आठवेल!"

"बदाम?" मामा खुलला. "आमच्या चंपीला फार आवडतात." तो तडक चंपीकडे गेला आणि एक एक बदाम तिला भरवत भरवत मांडवाकडे चालायला लागला. बगळेभटजी "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या" म्हणून ओरडणारच होते, तर दोघं समोर उभे. पडल्या अक्षता!

तात्या बेटामागं जाऊन रुसले. त्यांना उठवायला मामा जाणार होता. विसरला.

पाठवणीला मामा इतका रडला, इतका रडला, की रडता रडता वरातीच्या गाडीतच चढला आणि चंपीच्या सासरी पोचला. तिथं आत्यानं स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधला.

तो फेटा घालून मामा घरी आला तेव्हा मामी दारातच उभी होती.

"हा कुठला?"

मामानं डोकं चाचपलं.

"आयला," तो म्हणाला, "कुठला गं?"

तात्पर्य : बदाम रोज रात्री आठवणीनं भिजत घालावेत, आणि सकाळी खायचे विसरावेत. लग्नसराईत तर नक्कीच.