सपक आमटीचे बसाप्पा अण्णा

लग्नाची आमटी मुद्दाम सपक करणारा आचारी तुम्ही पाहिलाय? आमच्या ईट गावात आहे. बसाप्पा अण्णा! अख्ख्या गावाची येसर आमटी, म्हणजे भाजक्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी, एकाच कढईत शिजवतील, पण तिखटाचा हात आखडता. पंगत बसली की मात्र चार खणांचं चौफुलं घेऊन स्वतः फिरणार. एका खणात लाल तर्री, दुसऱ्यात काळं तिखट, तिसऱ्यात लसणाची फोडणी, चौथ्यात चिंचगूळ. प्रत्येकाच्या वाटीवर वाकून विचारायचं, "बोला पाव्हणं, कुठवर जाळू?"

वाढपी अण्णांच्या पुढं आमटी ओततात, मागून अण्णा चमच्यानं तिची चव फिरवतात. पंगत जराही अडत नाही. "आमटी गावाची, वाटी ज्याची त्याची," हे त्यांचं पालुपद. एकदा सरपंचांनी लाल मागितलं, तर अण्णांनी चिंचगूळ घातला. वर म्हणाले, "कालच डाक्टरकडं दिसला हुता तुमी!"

आमच्या लेकीचं, शुभांगीचं लग्न ठरलं आणि मला जेवणाची काळजी लागली. व्याही पुण्याकडचे, गोडमट खाणारे. आमच्या भावकीला घाम फुटल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. जेवणावरून मानपान बिघडला, तर पोरीला जन्मभर ऐकावं लागणार! मी अण्णांना म्हटलं, "यावेळी दोन आमट्या करा."

अण्णा लई भडकले. "दोन कढया म्हंजी दोन पंगती, वहिनी! घरं जोडायची हायती का तोडायची?"

झालं, कढई एकच चढली. पंगत बसली, तशी मी खांबाआड उभी राहून देव आठवत होते. आणि काय सांगू! एकाच ओळीत आमचे भाऊजी नाक पुसत "वा वा" करतायत आणि शेजारी व्याही तिसऱ्यांदा वाटी पुढं करतायत! विहीणबाई तर मला म्हणाल्या, "अगदी आमच्या घरच्यासारखी झालीय हो." मला तिथंच फुगडी घालावीशी वाटली.

पाठवणीच्या वेळी अण्णा हात पुसत आले. त्यांनी रडणाऱ्या शुभांगीच्या हातात काळ्या तिखटाचा डबा ठेवला.

"पोरी, तुझ्या सासरची समदी गुळाकडची हायती, म्या बघितलंय. आमटी त्यांच्यासारखी कर. पर तुझ्या वाटीत हे घालत जा. लाजू नगं."

माझे डोळे भरून आले, तरी मी हसून म्हटलं, "अण्णा, सुनेच्या वाटीचा एवढा विचार कोण करतं?"

गाडी हलली, तसे अण्णा बाजूला सरले. मग खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत म्हणाले, "आमची ही मरूस्तोर माझ्याच चवीचं जेवली, वहिनी. तिला काय आवडायचं, म्या कधी इचारलंच न्हाय."