सायकलस्वार क्रमांक अठ्ठ्याण्णव

कोणतीही चांगली गोष्ट मोजल्याशिवाय चांगली ठरत नाही, आणि एकदा ती नीट मोजता येऊ लागली की प्रत्यक्ष करण्याची फारशी गरज उरत नाही. हे तत्त्व मोठमोठ्या संस्थांना फार उशिरा कळते. त्या पाचमजली कार्यालयाला मात्र ते अवघ्या तीन आठवड्यांत कळले, याबद्दल त्याचे कौतुक करावे तितके थोडे आहे.

झाले असे की शहराची हवा बिघडली, म्हणून वरून परिपत्रक आले: प्रत्येक कार्यालयातील किमान साठ टक्के कर्मचाऱ्यांनी सायकलने कामावर यावे आणि त्याचा अहवाल दरमहा पाठवावा. (हवा सुधारल्याचा अहवाल मागवलेला नव्हता. उगाच कामाचा बोजा वाढवू नये, एवढा पोच वरच्यांनाही असतो.) लगेच सात जणांची सायकल समिती नेमली गेली. व्यवस्थापक मॅडम अध्यक्ष, सुरक्षा अधिकारी सचिव, आणि उरलेले पाच जण बैठकीची संख्या भरावी म्हणून. समितीने पहिल्याच दिवशी इमारतीमागच्या स्टँडमध्ये जाऊन सायकली मोजल्या. एकशे बारा कर्मचाऱ्यांमागे एक सायकल भरली. टक्केवारी शून्य पूर्णांक एकोणनव्वद. ती पूर्णांकात करून पाहिली, तरी एकच्या पुढे सरकेना.

ती एक सायकल जावकची होती.

जावक हे काही त्याचे नाव नव्हे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर जावक क्रमांक घालायचा आणि वहीत त्याची नोंद करायची, हे काम तो एकोणीस वर्षे करत होता, त्यामुळे घरचे सोडून सगळे त्याला त्याच नावाने ओळखत. एकोणीस वर्षेच तो सायकलने येत होता. हिरवी सायकल, कॅरियरला सुतळी, पॅन्टचा पाय चेनमध्ये अडकू नये म्हणून कपडे वाळत घालायचा चिमटा, आणि मेव्हण्याने दिलेले हेल्मेट, ज्याच्या डाव्या अंगाला पेट्रोल पंपाच्या वळणावर एकदा पडल्याचा ओरखडा होता. आपण हवा सुधारतो आहोत अशी शंकासुद्धा त्याला कधी आली नाही. घरी पोचायला बसला सव्वा तास लागतो आणि सायकलला चाळीस मिनिटे, एवढाच त्याचा पर्यावरणविषयक विचार.

दुसऱ्या बैठकीत समितीने मूळ प्रश्नालाच हात घातला. सायकली मोजायच्या तर पाच मजले उतरून मागे जावे लागते, आणि सातांपैकी चौघांचे गुडघे कुरकुरतात. हेल्मेट मात्र माणूस स्वतः वर घेऊन येतो. हेल्मेट आहे म्हणजे डोके आहे, डोके आहे म्हणजे सायकलस्वार आहे, आणि सायकलस्वार आहे म्हणजे सायकल कुठेतरी असणारच. लिफ्टसमोरच्या भिंतीवर खुंट्या ठोकल्या गेल्या. सकाळी पावणेदहाला खुंट्यांवर जितकी हेल्मेटे, तितके त्या दिवशीचे सायकलस्वार, असे ठरले.

महिन्याभरात सत्त्याण्णव हेल्मेटे लागली. शहाऐंशी पूर्णांक सहा टक्के! ही हेल्मेटे मोटारींतून आणि स्कूटरींच्या डिकीतून आली हे खरे. पण एकाही हेल्मेटाला वाटेत साधा धक्का लागला नाही, हेही तितकेच खरे.

कार्यालयाचे रूपच पालटले. कुणी बोटे कापलेले हातमोजे घालून फायली चाळू लागले (बोटे मोकळी असल्यामुळे गाडी चालवताना फोन लावता येतो). कुणी वाऱ्यापासून बचाव करणारे पिवळे चष्मे घालून एसीसमोर बसू लागले. गादी शिवलेल्या सायकलच्या चड्ड्यांबद्दल सुरुवातीला थोडी कुजबुज झाली, पण सहा तास चाललेल्या तिमाही आढावा बैठकीनंतर त्यांची उपयुक्तता कुणी नाकारली नाही. हेल्मेटांच्या भोकांचीही हळूहळू शिस्त बसली. शिपायाला आठ भोके, कारकुनाला बारा, अधिकाऱ्याला अठरा. व्यवस्थापक मॅडमच्या हेल्मेटाला सव्वीस भोके होती, आणि आणखी दोन पाडली असती तर हेल्मेट उरलेच नसते.

मागचा स्टँड मात्र रिकामाच दिसे. नव्याण्णव टक्के जागा वाया जाते आहे, असा अहवाल आला, तेव्हा समितीने ती जागा सायकलस्वारांच्या मोटारींसाठी राखून ठेवली. ‘फक्त सायकलस्वारांसाठी’ ही जुनी पाटी तशीच ठेवली. नवी रंगवण्याचा त्रास वाचला. जावक रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला सायकल बांधू लागला. त्याला वेगळीच काळजी होती.

परिपत्रकात एक सवलत होती: नोंदणीकृत सायकलस्वारांना उजेडात घरी पोचता यावे म्हणून साडेपाचऐवजी सव्वापाचला सुटी मिळेल. ही पंधरा मिनिटे जावकला हवी होती. मनापासून, अगदी जीव टाकून हवी होती. त्याची नऊ वर्षांची मुलगी ठमी सायकल शिकत होती. गल्लीत दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या, म्हणून शिकायचे ते मैदानावर. रविवारी मैदानावर मोटार ड्रायव्हिंग स्कूल भरे. उरले बाकीचे दिवस. जावक सहा वाजून दहा मिनिटांनी घरी पोचे आणि मैदानाचा राखणदार सव्वासहाला फाटक लावी. मधल्या पाच मिनिटांत ठमी सायकलवर बसे, बाप मागून सीट धरून धावे, आणि एक फेरी पुरी होण्याआधी राखणदाराची शिट्टी वाजे. दोन महिने असेच चालले होते. तिच्याहून लहान पोरे हात सोडून चालवू लागली होती आणि ठमी बापाची वाट बघत फाटकापाशी उभी असे.

म्हणून जावकने अर्ज केला आणि आपले हेल्मेट खुंटीला लावले. दुसऱ्या दिवशी ते त्याच्या टेबलावर परत आले होते. तो सुरक्षा अधिकाऱ्यांना भेटायला गेला.

“अहो, हे वापरलेलं आहे,” सुरक्षा अधिकारी म्हणाले.

“रोज वापरतो ना साहेब.”

“तेच म्हणतोय मी. हा ओरखडा बघा. ओरखडा म्हणजे अपघात. अपघात झालेला माणूस सुरक्षित सायकलस्वार कसा? शिवाय पट्टा ओला आहे.”

“घाम आहे साहेब.”

“आपल्या सत्त्याण्णव सायकलस्वारांपैकी एकाला तरी घाम येतो का?”

जावकला कबूल करावे लागले की येत नाही. अर्जावर शेरा पडला: ‘अर्जदारास सायकलिंगचा पुरेसा सराव दिसत नाही.’ त्या शेऱ्याच्या पत्राला जावक क्रमांक त्यालाच घालावा लागला.

शिपाईमामांनी त्याला चहा आणून दिला. मामा आठ भोकांचे नोंदणीकृत सायकलस्वार होते आणि स्कूटरने येत.

“जावकभाऊ, रागावू नका, पण तुमचं चुकतंय,” मामा म्हणाले. “तुम्ही आधी सायकल सोडा. त्याशिवाय सायकलस्वार होणं जमायचं नाही.”

माणूस अनुभवाचे बोलत होता. जावकने बारा भोकांचे नवे हेल्मेट आणले. बायकोने दारातच अडवले.

“अहो, नवं हेल्मेट हातात आणि चाललात बसने?”

“सायकलस्वार व्हायचंय,” जावक म्हणाला. एकोणीस वर्षांच्या संसारात तिने बरेच काही ऐकून घेतले होते. तिने डबा हातात दिला.

तिसऱ्याच दिवशी तो नोंदणीकृत सायकलस्वार क्रमांक अठ्ठ्याण्णव झाला. व्यवस्थापक मॅडम लिफ्टमध्ये म्हणाल्या, “आता कसे सायकलवाले दिसता!” सव्वापाचला तो ऐटीत उठला, बस पकडली आणि साडेसहाला घरी पोचला. फाटक लागून पंधरा मिनिटे झाली होती. ठमी आपल्या छोट्या सायकलीला टेकून पायरीवर बसली होती. “आज तर लवकर येणार होतास ना?” एवढेच ती म्हणाली. जावकला रडूच यायचे बाकी राहिले.

असे चार दिवस गेले. सायकल चालवावी तर सवलत नाही, आणि सवलत घ्यावी तर सायकल नाही. पाचव्या दिवशी जावकने आयुष्यातला पहिला गुन्हा करायचे ठरवले. तो चोरून सायकल चालवू लागला.

कार्यालयापासून दोन गल्ल्या अलीकडे एक इस्त्रीवाला होता. त्याच्या दुकानामागे जावक सायकल लपवी, चिमटा काढून खिशात टाकी, तोंड पुसे, भांग पाडे आणि अंगावरचा घाम सुकेपर्यंत पंख्याखाली उभा राही. (गार होण्यासाठी इस्त्रीच्या दुकानात जाणारा तो शहरातला एकमेव इसम असावा.) मग नवे हेल्मेट पिशवीतून काढून बस स्टॉपच्या दिशेकडून चालत येई. संध्याकाळी तोच प्रकार उलट. घरी पोचायला सहाला दोन मिनिटे कमी. मैदानावर रोज सतरा मिनिटे! ठमी आता वळण घेऊ लागली. दहाव्या दिवशी ती म्हणाली, “बाबा, उद्या मधेच सोडून बघ. पण सोडलंस ते मला सांगू नको हं.”

“नाही सांगणार,” तो म्हणाला.

आणि नेमक्या त्याच अकराव्या दिवशी चौकशी लागली. वेळ पाच वाजता. तक्रार आली होती, ती सुरक्षा अधिकाऱ्यांनी वाचून दाखवली:

‘तक्रारदार आज सकाळी आपल्या मोटारीत बसून सिग्नलच्या रांगेत चोवीस मिनिटे थांबला असता, सदर कर्मचारी भर दिवसा, सार्वजनिक रस्त्यावर, सायकल या वाहनावर बसून व ती स्वतःच्या पायांनी चालवून रांगेच्या डाव्या बाजूने पुढे निघून गेला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होते. आपल्या उपक्रमाची यामुळे बदनामी होते.’

समिती गंभीर झाली. मॅडमनी चष्मा काढला.

“तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती,” त्या म्हणाल्या. “अहो, एक जण खरंच चालवताना दिसला, तर बाकीच्या सत्त्याण्णव जणांबद्दल लोकांनी काय समजायचं?”

बैठकीची संख्या भरणाऱ्या पाचही जणांनी माना डोलावल्या.

“सरळ सांगा,” सुरक्षा अधिकारी म्हणाले. “तुम्ही सायकल चालवता, की नाही?”

जावकने घड्याळ पाहिले. पाच वाजून नऊ मिनिटे. हो म्हटले तर नाव कमी होणार, पंधरा मिनिटे जाणार, आणि ठमी पुन्हा फाटकापाशी उभी राहणार. एकोणीस वर्षे, ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका, पंक्चर म्हणू नका, रोज येऊन-जाऊन ऐंशी मिनिटे त्याने पायडल मारले होते.

“नाही,” तो म्हणाला. “सायकल मुलगी शिकतेय. मी नाही.”

सात जणांनी एकदम सुटकेचा नि:श्वास टाकला. फक्त लेखी द्या, असे ठरले. जावकने उभ्या उभ्याच लिहून दिले: ‘मी सायकल चालवत नाही. सबब मला सायकलस्वार म्हणून कायम ठेवावे, ही विनंती.’ मॅडमनी खाली ‘मंजूर’ लिहून सही केली. पाच वाजून सोळा मिनिटांनी तो इस्त्रीवाल्याच्या दुकानामागे होता.

त्या दिवशी त्याने सायकल अशी हाणली की चिमटा लावायचेही राहून गेले. ठमी तयारच होती. एक फेरी झाली, दुसरी अर्धी झाली, आणि त्याने सीटवरचा हात काढून घेतला. ती पुढे जात राहिली. मैदान ओलांडून, पलीकडच्या भिंतीपाशी वळून, केस उडवत.

“बाबा, धरलंयस ना?” ती पुढे बघतच ओरडली.

“धरलंय, धरलंय!” जावक जागच्या जागी उभा राहून म्हणाला. दिवसभरातले हे त्याचे दुसरे खोटे. पहिल्याला लेखी मंजुरी होती. राखणदाराने शिट्टी तोंडात धरली होती, पण ती वाजवली मात्र फेरी पुरी झाल्यावर.

जावकच्या अर्जाचा मसुदा वरच्या कार्यालयाला इतका आवडला की पुढे तोच छापील नमुना झाला. सगळ्या अठ्ठ्याण्णव सायकलस्वारांनी त्यावर सह्या केल्या. मी सायकल चालवत नाही, असे प्रतिज्ञेवर लिहून दिलेल्या या अठ्ठ्याण्णव जणांपैकी सत्त्याण्णव जण खरे बोलत होते. इतके प्रामाणिक कार्यालय शहरात दुसरे नाही. वर्षाचा ‘सायकलस्नेही’ फिरता चषकही त्यांनाच मिळाला, आणि तो आणायला तीन मोटारी गेल्या.

आता राहता राहिला तो तक्रारदार. नियमानुसार त्याचे नाव गुप्त आहे, तेव्हा सांगता येत नाही. एवढेच नोंदवलेले आहे की तो रोज त्या सिग्नलला चोवीस मिनिटे थांबतो, सायकलवाला शेजारून गेला की काच वर करतो, आणि त्याच्याकडेही एक चांगली सायकल आहे. ती बाल्कनीत असते. तिच्या हँडलवर सकाळी टाकलेला टॉवेल एव्हाना वाळला असेल. हे वाचून झाले असेल तर उठा, आणि तो काढून घ्या.