सगळी लग्नं चोरीला गेली

आमचे काका स्वतःची ओळख 'गुन्हेगारी जगाची झोप उडवणारा माणूस' अशी करून देतात. झोप उडते ती काकूंची, कारण काका घोरतात. पण मी त्यांचा पुतण्या आणि बिनपगारी सहायक असल्यामुळे हे बोलत नाही.

त्या दिवशी एका फोटो स्टुडिओच्या मालकांनी त्यांना बोलावलं. सर्व्हरवरून मोसमातली सगळी लग्नं नाहीशी झाली होती. फोटोंचं फोल्डर जागेवर, आत मात्र शुकशुकाट. संध्याकाळी एक जोडपं फोटो निवडायला येणार होतं, आणि लग्न काही पुन्हा लावता येत नाही. सर्व्हर बघणारी मालकांची बायको सकाळीच प्रवासाला निघालेली. तिचा फोन लागत नव्हता.

काकांनी भिंगातून सर्व्हर पाहिला. तो वरच्या फळीवर असल्यामुळे चोर उंच ठरला. खिडक्या आतून बंद दिसल्यावर तो घरचाच ठरला. तेवढ्यात मालक सहज बोलून गेले, की काल बायको आणि धाकटा भाऊ पार्टिशन कसं करायचं यावर बराच वेळ बोलत होते.

काकांनी भिंग खाली ठेवलं. "पार्टिशन म्हणजे वाटणी. तुमचा भाऊ वेगळा होतोय. सुरुवात फोटोंपासून केलीये."

पार्टिशन डिस्कचंही असतं, असं मी सुचवलं. काकांनी मला चहा सांगायला पाठवलं.

परत आलो तर मालकांनी भावाला वाटणीचं विचारून टाकलं होतं. तो आपला कॅमेरा बॅगेत भरत होता. वडिलांच्या माघारी दोघांनी मिळून उभा केलेला स्टुडिओ. मालक भिंतीकडे तोंड करून उभे होते.

तेवढ्यात मालकीणबाईंचा फोन आला. मी तो उचलून घडलं ते सांगितलं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "सगळं एकाच डिस्कवर कोंबलं होतं, म्हणून नवी मोठी डिस्क आणली. भाऊजींना विचारून तिचे भाग पाडले. निघायच्या घाईत ती थेट फोटोंच्या फोल्डरवरच जोडली. जुने फोटो तिच्याखाली झाकले गेलेत, सतरंजीवर सतरंजी टाकावी तसे. वरची काढा."

भावाने बॅग ठेवली आणि त्या सांगतील ती एक ओळ टाइप केली. सगळी लग्नं परत आली, रुसलेल्या आत्यांसकट.

मालक भावाजवळ गेले. "कॅमेरा बाहेर काढ."

"काढतो दादा," भाऊ म्हणाला. "तू आधी या दोघांना काढ."