दुधातली रेड वाइन

सकाळी साडेआठला मी टेबलावर बत्तीस पांढरे कप ओळीने मांडतो. प्रत्येक नमुन्याची पत्ती मोजून घ्यायची, वर उकळतं पाणी, घड्याळ लावून पाच मिनिटं. मग गाळलेल्या प्रत्येक कपात एक चमचा दूध. त्यातला घोट सुर्रकन ओढून जिभेवर पसरला, की तो चहा किती दिवस गोदामात पडून होता हे मी सांगू शकतो. अठरा वर्षं चहा चाखण्याचीच नोकरी करतो आहे. म्हणून धाकट्या बहिणीने फोनवर अडचण सांगितली, तेव्हा मी म्हणालो, "त्यात काय! तुरटपणा चहाचा असो की वाइनचा, जीभ तीच. बाटली घेऊन ये."

तिचं हॉटेल दुसऱ्या दिवशी उघडणार होतं. मेनूकार्ड त्याच दिवशी बारा वाजता छापायला जायचं होतं आणि त्यात एक ओळ रिकामी होती: फ्रेंच रेड वाइनसोबत काय? धाकटीला भट्टीत भाजलेलं मटण हवं होतं. तिच्या शेफला (त्याला सगळे सेनापती म्हणत) स्वतःचा लिंबू घातलेला मासा हवा होता. मासा गेला तर आपणही नोकरी सोडून गेलो, असं त्याने बजावलं होतं.

साडेदहाला दोघं माझ्या चहा चाखण्याच्या खोलीत आली. मी ती एकुलती एक बाटली सहा कपांत ओतली.

"दादा, वाइन एकच आहे. सहा कप कशाला?"

"ओळ दिसल्याशिवाय माझी जीभ कामाला लागत नाही."

पहिला घोट घेतला. काळ्या चेरीची चव, मागून देवदाराच्या फळीचा वास, पाऊस पडून गेलेल्या मातीची आठवण, आणि शेवटी हिरड्यांना धरून बसणारा तुरटपणा, घरभाडं मागायला आलेल्या मालकासारखा. मी डोळे मिटून हे वर्णन करत होतो. सेनापतीसुद्धा मान डोलावू लागला होता.

डोळे उघडले तेव्हा माझ्या हातात दुधाचा चमचा होता. सहाही कपांत दूध पडलेलं होतं.

वाइन फाटली. राखाडी-गुलाबी गुठळ्या तळाशी बसू लागल्या.

"दादा," धाकटी हळूच म्हणाली, "वहिनी तुला स्वयंपाकघरात का येऊ देत नाही, ते आज कळलं."

"हे कशासाठी, साहेब?" सेनापतीने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, कुतूहल होतं. त्याने एका कपातला वरचा निवळ भाग चमच्याने उचलला आणि चाखला. मग पुन्हा चाखला. "तुरटपणा कुठे गेला?"

आता मात्र अठरा वर्षांची विद्या धावून आली. "खाली बसलाय," मी म्हणालो. "दुधातल्या प्रथिनांना चिकटून. मांसाला आणि जुन्या चीजलाही तो असाच चिकटतो. म्हणून मटणाबरोबर ही वाइन मऊ लागते आणि मटणाचा तुपकटपणा कापते. तुमच्या नाजूक माशाला हा तुरटपणा सोसायचा नाही. तोंडात लोखंडाची चव येईल."

सेनापतीने कप उजेडात धरून तळाच्या गुठळ्या हलवून पाहिल्या. "माझ्या माशाला दोष नाही ना?"

"मुळीच नाही. त्याला पांढरी वाइन द्या, राजासारखा मिरवेल."

त्याने खिशातून पेन आणि मेनूचा मसुदा काढला, रिकाम्या ओळीत आपणच पेन्सिलीने लिहून ठेवलेला मासा स्वतःच्या हाताने खोडला आणि वर मटण लिहिलं. खाली चीजही जोडलं. "वीस वर्षं स्वयंपाक करतोय," तो धाकटीला म्हणाला, "पण असं डोळ्यांसमोर कुणी दाखवलं नव्हतं. पटलं म्हणून थांबतोय."

तो गाडी काढायला गेला. धाकटी दारात थबकली.

"दादा, खरं सांग. दूध मुद्दाम घातलंस ना?"

खाली गाडी सुरू झाली होती. बाराला अजून पाऊण तास होता. बहिणीशी खोटं बोलायचं नाही, असं मी ठरवलं. आणि खरंही सांगायचं नाही. शेजारचा कप उचलून मी गुठळ्यांसकट तोंड भरून घोट घेतला, उत्तरादाखल नुसता हात हलवला, आणि तिला घेऊन गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो गिळला नाही.