सासूबाईंची लाइन बिझी आहे

सिगारेट सोडायचं मी ठरवलं ते जिन्यामुळे. ऑफिसची लिफ्ट बंद पडली आणि वर पोचेपर्यंत माझ्या छातीतून असा काही आवाज यायला लागला, की समोरून उतरणाऱ्या टायपिस्टबाई भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. (त्यांना वाटलं, मागून कोणी लोखंडी कपाट ओढत आणतंय.)

डॉक्टर म्हणाले, "एकट्याने सोडायला जाऊ नका. कोणाचा तरी आधार घ्या. तलफ आली की त्या माणसाला फोन करायचा आणि बोलत राहायचं. थोड्या वेळात ती आपोआप ओसरते."

'बोलत राहायचं' हे ऐकताच बायकोने आपल्या आईचं नाव सुचवलं.

सासूबाई मुख्याध्यापिका होत्या. आता निवृत्त आहेत, पण फक्त शाळेतून. पहिला फोन मी जिन्याखाली उभं राहून, दबक्या आवाजात केला.

"आई, तलफ आलीये."

"सरळ उभे राहा."

"उभाच आहे."

"पाठ वाकलेली आहे, आवाजावरून कळतं. पाणी प्या आणि सतराचा पाढा म्हणा."

पंच्याऐंशीपर्यंत गेलो आणि अडकलो. पुढचा आकडा शोधता शोधता तलफ कुठे गेली ते कळलंसुद्धा नाही. मागे वळून पाहतो तर साहेब.

"कोणाशी बोलताय?"

"सासूबाईंशी, सर."

"ऑफिसच्या वेळात पाढे?"

मी सगळं सांगून टाकलं. साहेबांनी हातातली पेटती सिगारेट पाठीमागे नेली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "नंबर द्या."

साहेबांकडून नंबर कॅशियरकडे गेला, तिथून ड्रायव्हरकडे. जिन्याखालचा आमचा धुराचा कोपरा ओस पडला. इथवर ठीक होतं, पण आता मला सासूबाईंचा फोन लागेना. लागलाच, तर "जावईबापू, थोडक्यात सांगा. तुमचे साहेब लाइनवर आहेत."

"आई, मलाही त्रास होतोय."

"त्यांना जास्त होतोय. जबाबदारीचा माणूस आहे तो."

मी बायकोकडे तक्रार केली, "तुझी आई माझ्या वाट्यालाच येत नाही."

"असं म्हणणारा जगातला पहिला जावई," ती म्हणाली आणि हसत आत गेली.

आणि एक दिवस साहेबांनी सगळ्यांदेखत माझी फाइल माझ्याच टेबलावर आपटली. (सिगारेट सुटत असलेला साहेब फार वाईट.) माझं डोकं फिरलं. सासूबाईंना फोन लावला, बिझी. परत लावला, बिझी. मग मी तडक कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. म्हटलं, आता देवही मला अडवू शकत नाही.

दुकानदार फोनवर होता. त्याने मला हातानेच थांबवलं.

"हो आजी. नाही, सकाळपासून एकही नाही ओढली. हो, सरळच उभा आहे." मग माझ्याकडे पाहत, "आजी, ते आलेत. हो, तेच. चेहरा? चेहरा सिगारेट घ्यायला आल्यासारखाच दिसतोय."

त्याने फोन माझ्या हातात दिला.

"काय हवंय, जावईबापू?"

"पेपरमिंट," मी म्हणालो.

"दुकानदारांना द्या फोन. आणि पाठ."

पाठ सरळ करून मी पेपरमिंट चघळत परत गेलो.

तर अशी माझी सिगारेट सुटली. खोकला गेला. जिना चढताना गप्पा मारता येतात. जिभेला चव आली, आणि भाजीत मीठ जरा जास्तच असतं हे लग्नानंतर इतक्या वर्षांनी मला पहिल्यांदा कळलं. (बोललो नाही. सिगारेट सोडली होती, अक्कल नव्हे.)

ऑफिसने सासूबाईंचा सत्कार ठेवला. शाल साहेबांनी स्वतः त्यांच्या खांद्यावर घातली. मी पहिल्या रांगेत, ताठ पाठीने बसलो होतो. शेवटी हे सगळं माझ्यापासून सुरू झालं होतं.

सासूबाई बोलायला उठल्या. "खरं श्रेय माझ्या जावयांचं," त्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मी अर्धवट उठून सर्वांना नमस्कारही केला.

"मला हे जमेल असं वाटत नव्हतं," त्या पुढे म्हणाल्या. "पण मुलगी म्हणाली, 'आई, यांची काही सुटायची नाही. तू आपली सरावापुरता यांच्यावर हात साफ करून घे.'"